कप्प्यामागचा हिशेबनीस

राखाडी रंग, जेवणाच्या चपट्या डब्याएवढा आकार, अॅल्युमिनियमचं अंग, एका कडेला पिनांच्या दाट ओळी आणि पाठीवर चिकटवलेला एक लांबलचक नंबर. मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर एक कप्पा असतो. त्यात आपण गाडीचे कागद, टॉर्च, बडीशेपेची पुडी असं काहीबाही ठेवतो. त्या कप्प्याच्या मागे, पत्र्याच्या पट्टीला बोल्टांनी आवळलेला तो बसतो. तिथे ऊन पोचत नाही, पण उन्हाची धग पोचते. पाऊस पोचत नाही, पण ओल पोचते. पुस्तकात त्याचं नाव इंजिन कंट्रोल मॉड्यूल. गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात आणि गिऱ्हाइकाशी बोलताना नुसतं ‘कम्प्युटर’.

आमच्या गाडीतला हा कम्प्युटर अठरा वर्षं आमच्याबरोबर राहिला. आजीला दवाखान्यात नेताना तो होता, माझ्या लग्नाचं सामान पुण्याहून आणताना होता, दर पावसाळ्यात कासला जाताना होता. त्याची माझी ओळख मात्र तो आजारी पडल्यावर झाली. ज्या मिस्त्रींनी त्याचा आजार शोधला, त्यांची शोधण्याची रीत पाहता पाहता मला या मुक्या वस्तूचा स्वभाव कळत गेला.

बाबांची आधीची गाडी फियाट. तिचं इंजिन बाबा कानाने सांभाळत. डिसेंबरातल्या साताऱ्याच्या सकाळी आधी चोक ओढायचा, मग सेल मारायचा, इंजिनाने धरलं की चोक हळूहळू आत सोडायचा आणि तोवर अॅक्सिलरेटरवर पाय अलगद ठेवून त्याला मरू द्यायचं नाही. किती पेट्रोल, किती हवा याचा अंदाज त्यांच्या कानात मुरलेला होता. २००४ साली आम्ही छोटी गाडी घेतली, तिला चोकच नव्हता. मागच्या काचेखाली ‘एमपीएफआय’, म्हणजे मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन, अशी अक्षरं होती आणि त्या काळात लोक ती अक्षरं अभिमानाने मिरवत. पहिले काही आठवडे चावी फिरवण्याआधी बाबांचा हात सवयीने चोक शोधत डॅशबोर्डखाली जायचा आणि रिकामा परत यायचा. त्यांच्या कानातलं काम आता कप्प्यामागच्या डब्याकडे गेलं होतं.

या डब्याला डोळे नाहीत. ज्या इंजिनाचा तो हिशेब ठेवतो, ते इंजिन त्याने कधी पाहिलेलं नाही. त्याला जे कळतं ते तारांतून, आणि तारांतून येतात ते फक्त व्होल्ट. चावी फिरली की तो जागा होतो आणि समोरची पिवळी चेक लाईट लावतो. ही त्याची हजेरी. मग विचारपूस सुरू होते. तो सेन्सरांना मोजून पाच व्होल्ट देतो आणि त्यातले किती परत आले ते बघतो. इंजिनाच्या पाण्यात बुडालेला सेन्सर गार असताना वीज अडवून धरतो, तापला की सोडतो. २० अंशांना त्याचा रोध दोन-अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना तो तीनशेच्या आसपास उतरतो. इंजिन नुकतंच उठलंय की कामाला लागलंय, हे हिशेबनिसाला त्यावरून कळतं. थ्रॉटलचा सेन्सर पाय वर असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास परत पाठवतो, पाय पूर्ण दाबला की चारच्या वर. हवेच्या दाबाचा सेन्सर इंजिनावर ओझं किती आहे ते सांगतो. कुठला पिस्टन कुठे आहे हे क्रँकचा सेन्सर सांगतो, आणि तो गप्प बसला तर बाकी सगळी माहिती असून उपयोग नाही.

एवढं ऐकून तो एक गोष्ट ठरवतो. या क्षणी, या सिलिंडरला, पेट्रोलचा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा? तापलेलं इंजिन उभ्या जागी चालत असेल तर ही वेळ दोन-तीन मिलिसेकंद इतकीच असते. माप ठरलेलं आहे. १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा. जळून गेल्यावर धुराच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर निकाल कळवतो. ०.१ व्होल्ट आले तर पेट्रोल कमी पडलं, ०.९ आले तर जास्त झालं. तो लगेच पुढचा घास लहान-मोठा करतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांनी दोन तास चाललं, म्हणजे साधारण साताऱ्याहून पुण्याला पोचलं, तर वाटेत सहा लाख वेळा हे माप घातलेलं असतं. एकदाही कुणी त्याच्याकडे पाहिलेलं नसतं.

त्याचा स्वभाव विश्वास ठेवण्याचा आहे, आणि दुसरं तो करणार तरी काय? पण तो आंधळा विश्वास नव्हे. पाण्याच्या सेन्सरची तार तुटली तर व्होल्टच्या हिशेबाने इंजिन अंटार्क्टिकापेक्षा गार झालेलं दिसतं. हे शक्य नाही एवढी समज त्याला दिलेली असते. मग तो त्या सेन्सरचं ऐकणं सोडतो, मनाशी एक ठरावीक तापमान धरतो, चेक लाईट लावतो आणि गाडीला घरापर्यंत पोचवतो. कुणी चुकीचं सांगितलं याची नोंद तो आकड्यांत ठेवतो. आमच्या गाडीत त्या नोंदी वाचायला स्कॅनरही लागत नसे. एका कनेक्टरमधली दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली की चेक लाईट उघडझाप करून आकडे सांगायची. एक झाप, थोडा दम, मग दोन झापा. म्हणजे बारा. बारा म्हणजे कुणाविषयी तक्रार नाही. मला तो आकडा फार आवडायचा. ज्याला बोलता येत नाही, त्याला सांगायला मिळालेली ती एकच सुखाची गोष्ट होती.

त्याला सवयीही असतात. इंजिन जुनं होतं, हवेच्या वाटेत काजळी धरते, इंजेक्टर थोडे कमी-जास्त सोडायला लागतात. हा रोज थोडं थोडं शिकून आपलं माप सुधारत जातो. बॅटरीची तार काढली की हे शिकलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून बॅटरी बदलल्यावर एक-दोन दिवस गाडी अनोळखी वाटते. तो पुन्हा पहिल्यापासून घर समजून घेत असतो.

घराणं म्हणाल तर फार जुनं नाही. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९६७ साली डी-जेट्रॉनिक नावाची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची व्यवस्था फोक्सवागनच्या गाडीत आणली. तो याचा आजोबा. त्याच्या पोटात मायक्रोप्रोसेसर नव्हता, ट्रान्झिस्टरांची जुळणी होती. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आला आणि पेटीला आपल्या कामाचा निकाल कळू लागला. १९७९ मध्ये बॉशच्याच मोट्रॉनिकने पेट्रोल आणि ठिणगी ही दोन्ही खाती एका पेटीकडे सोपवली. ती पहिल्यांदा बसली बीएमडब्ल्यूच्या ७३२आय या गाडीत.

आपल्याकडे तो आला त्यामागे श्वासाचा प्रश्न होता. दिल्लीच्या हवेवरचा एम. सी. मेहता यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता. २९ एप्रिल १९९९ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की राजधानी परिसरात नोंदवल्या जाणाऱ्या नव्या खाजगी गाड्या १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ या प्रदूषण निकषांत बसल्या पाहिजेत. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसतो. शिशाने तो निकामी होतो, आणि पेट्रोल-हवेचं माप १४.७ च्या आसपास राहिलं तरच तो नीट काम करतो. जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला क्षणाक्षणाला इतकं नेमकं माप साधत नाही. कंपन्यांनी एकामागून एक कार्बोरेटर काढले आणि हे डबे बसवले. बाबांच्या कानातला अंदाज इंजिनाला पुरत होता, हवेला पुरत नव्हता.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून परतत होतो. दुपारचे अडीच. खंबाटकी घाट चढताना गाडी एकाएकी विझली. झटक्यांनी, धूर काढत, खोकत बंद पडणं वेगळं. ही दिवा मालवावा तशी गेली. सेल फिरत होता, इंजिन धरत नव्हतं. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. अर्धा-पाऊण तास सावलीला उभे राहिलो, पुन्हा चावी फिरवली, तर काहीच झालं नसल्यासारखी सुरू झाली आणि साताऱ्यापर्यंत आली.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही तिच्यावर उपचार करत होतो. एका ठिकाणी प्लग आणि कॉइल बदलली. दुसरीकडे पेट्रोलचा पंप बदलला. तिसरीकडे स्कॅनर लावला, त्यात काही निघालं नाही, तेव्हा क्रँकचा सेन्सर बदलून पाहिला. दर वेळी गाडी चार-आठ दिवस नीट चालायची आणि ऊन तापलं की पुन्हा विझायची. गॅरेजला पोचेपर्यंत ती गार होऊन शहाण्यासारखी चालू लागलेली असायची. शेवटी एकांनी सांगितलं, “कम्प्युटर गेला. नवा टाका.” नव्याची किंमत विचारली, तर ती गाडीच्या तेव्हाच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात होती.

बाबा म्हणाले, “टाकण्याआधी एकदा आपल्या मिस्त्रींना दाखवू.”

मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खड्डा आणि भिंतीवर टांगलेले पाने. बाबा शाळेत शिक्षक होते म्हणून ते त्यांना सर म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी मला समोर बसवून प्रश्न विचारले. बंद पडते ती झटके देऊन की एकदम? चढावर जास्त की सपाटीवर? एसी चालू असताना की बंद असताना? मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो तोवर कुणीही विचारला नव्हता.

“ताई, बंद पडल्यावर परत चावी फिरवता, तेव्हा चेक लाईट लागती का?”

मला सांगता येईना. मी पाहिलंच नव्हतं.

“आता बघा. पुढच्या वेळी सेल मारायच्या आधी नुसती चावी एक घर फिरवायची आणि लाईट बघायची. एवढं बघून या, मग हात लावू.”

चार दिवसांनी भर दुपारी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर गाडी विझली. मी चावी एक घर फिरवली. तेलाची लाईट लागली, बॅटरीची लागली. चेक लाईटच्या जागी अंधार होता. अठरा वर्षं रोज सकाळी न चुकता हजेरी देणारा त्या दुपारी गैरहजर होता, आणि आम्ही दोन महिने त्याच्या अवतीभवतीची माणसं बदलत बसलो होतो.

मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते लगेच “कम्प्युटर गेला” म्हणाले नाहीत. म्हणाले, “तो उठत नाही एवढं कळलं. का उठत नाही ते अजून कळायचंय. त्याला जेवण मिळतंय का ते आधी बघू.”

त्यांनी कप्पा काढला, डबा उघड्यावर आणला, पण कनेक्टर सुटू दिला नाही. गाडी उन्हात लावली, इंजिन चालू ठेवलं आणि वाट पाहिली. सव्वा तासाने ते विझलं. मग मल्टिमीटरची बारीक सुई कनेक्टरच्या मागून एकेका तारेत घालून त्यांनी मोजायला सुरुवात केली. बॅटरीतून थेट येणारी तार: १२.४ व्होल्ट. चावीतून, रिलेतून येणारी: १२.३. म्हणजे वीज पोचतेय. मग अर्थिंग. त्या तारांवर आणि बॅटरीच्या ऋण टोकामध्ये सेल मारताना फरक किती, तर एका व्होल्टच्या शंभराव्या भागात मोजावा इतकाच. “आर्थिंग खराब आसली की चांगला कम्प्युटर येड्यासारखं करतो. लई जणांनी तेवढ्यावरनं चांगले डबे टाकून दिलेत,” ते म्हणाले.

मग डब्याने सेन्सरांना द्यायचे पाच व्होल्ट त्यांनी मोजले. मीटरवर १.८ आले. मला वाटलं, सापडलं. मिस्त्रींनी मान हलवली. एखादा सेन्सर किंवा त्याची तार आतून शॉर्ट झाली तर ती सगळी वीज गिळून टाकते आणि डब्याचाच आवाज बसतो. निष्पाप असून तो मेल्यासारखा दिसतो. म्हणून त्यांनी थ्रॉटलचा सेन्सर सोडवला. १.८. हवेच्या दाबाचा सोडवला. १.८. मग बॅटरी सोडून, डब्याचा कनेक्टर काढून ती तार कुठे बॉडीला टेकतेय का ते पाहिलं. कुठेच नाही. आता बाहेरचे सगळे साक्षीदार संपले होते.

त्यांनी कनेक्टर पुन्हा लावला, बॅटरी जोडली आणि डब्यासमोर टेबलफॅन धरला. दहा मिनिटांनी मीटरचा आकडा हलला. ३, ४.१, मग ४.९८. चेक लाईट लागली. मी टाळ्या वाजवायची बाकी होते. मिस्त्रींनी आतून घरातला केस वाळवायचा ड्रायर मागवला आणि डब्याच्या एका कोपऱ्यावर ऊब धरली. लाईट फिकटली आणि गेली. पंखा धरला, आली. ऊब दिली, गेली. तीन वेळा करून त्यांनी ड्रायर खाली ठेवला आणि पहिल्यांदा डब्याविषयी निकालाचं वाक्य उच्चारलं. “हां. आता हा आजारी आहे म्हणायचं.”

ज्याने आयुष्यभर प्रत्येकाचं ऐकून मगच माप घातलं, त्याचा निकालही प्रत्येकाचं ऐकून झाला होता. गाडीत दोष कुठे आहे हे सापडणं जितकं मोलाचं, तितकाच मला हा न्याय मोलाचा वाटला.

पुण्यात नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार आहे. तिथल्या एका गल्लीत एक काका जिन्याखालच्या टेबलावर भिंग आणि सोल्डरिंग गन घेऊन बसतात. त्यांनी चार स्क्रू काढून डबा उघडला आणि तो पहिल्यांदा मला आतून दिसला. हिरव्या पाटीवर तांब्याच्या बारीक वाटा, काळ्या चौकोनी चिपा, वरून वार्निशचा पातळ थर. एका कोपऱ्यात निळे-काळे छोटे नळकांडीसारखे कपॅसिटर. काकांनी पाटी नाकाजवळ नेली, मग माझ्यापुढे धरली. माशांसारखा हलका वास येत होता. “हा गळालाय,” ते म्हणाले.

कपॅसिटर म्हणजे अंगणातला रांजण. नळाला पाणी जास्त असेल तेव्हा भरून घ्यायचं, कमी असेल तेव्हा द्यायचं. सेल मारताना बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर दहाच्या आसपास खाली येतात. तेवढा क्षण हा रांजण डब्याला तहान लागू देत नाही. त्याच्या आत अॅल्युमिनियमचे दोन पातळ पदर आणि त्यांच्यामध्ये द्रवात भिजलेला कागद असतो. बुडाशी रबराचं बूच. वर्षानुवर्षं तापून ते बूच कडक होतं, द्रव आटतो, थोडा बाहेर झिरपतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य अर्ध्यावर येतं, असा त्या धंद्यातला ठोकताळा आहे. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला सोसत नाही. त्याच्यामागे हा अठरा उन्हाळे बसून होता.

झिरपलेल्या द्रवाने खालच्या तांब्याच्या दोन वाटा खाल्ल्या होत्या. जिथे तांबं होतं तिथे हिरवट पूड होती. काकांनी कपॅसिटर काढले, जागा स्पिरिटने पुसली, भिंगातून बराच वेळ पाहिलं. वरच्या वाटा तारेने जोडता आल्या असत्या. पण द्रव पाटीच्या आतल्या थरात उतरला होता. “आज चालू करून देतो. पण घाटात कधी थांबेल त्याचा भरवसा नाही, आणि तुम्ही घरचे लोक घेऊन फिरणार. मी नाही देणार,” ते म्हणाले. सरळ नकार देणारा कारागीर भेटणं हे भाग्य आहे.

असे डबे किती तऱ्हांनी जातात, हे मला काकांच्या फडताळावर दिसलं. कुणी जंप स्टार्ट करताना तारा उलट लावल्या. कुणी बॅटरी न सोडता बॉडीला वेल्डिंग केलं. एकात उंदराने कातरलेल्या तारेमुळे शॉर्ट झालं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या. त्यानंतर कित्येक महिने असे गंजलेले डबे येत राहिले, असं काकांनी सांगितलं. त्या सगळ्यांत आमच्याचं मरण वयाने आलेलं, सर्वांत साधं होतं.

दुसरा शोधायचा म्हणजे हुबेहूब शोधायचा. काकांनी एकसारखे दिसणारे तीन डबे पुढे ठेवले. रंग तोच, पिना त्याच. पाठीवरच्या नंबरातली शेवटची अक्षरं वेगळी. एक एसी नसलेल्या गाडीचा, एक पुढच्या प्रदूषण निकषाचा, एक आमचा. चुकीचा बसवला तर बसतो, गाडी सुरूही होईल, पण तो दुसऱ्याच इंजिनाचं माप घालत राहील. आमच्या नंबराचा डबा अपघात झालेल्या एका गाडीतून निघाला होता. काकांनी आधी त्याचेही सगळे कपॅसिटर काढून १०५ अंश सोसणारे नवे लावले.

मग राहिला चावीचा प्रश्न. आमच्या चावीच्या मुठीत एक चिप आहे. डबा तिला ओळखतो म्हणून इंजिन सुरू होऊ देतो. नवा डबा आमच्या चावीला चोर समजला असता. ही ओळख जुन्या डब्यात आठ पायांच्या एका चिपेत लिहिलेली असते, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या. काकांनी जुन्यातून ती उचलली आणि भिंगाखाली नव्यात आठ टाके घालून बसवली. टेबलावर शेजारी शेजारी दोन डबे उघडे पडले होते. एक आता आमची चावी ओळखत होता, दुसरा ती विसरला होता.

साताऱ्याला मिस्त्रींनी तो लगेच लावला नाही. “जुना वयानं गेला हे खरं. पर नव्याला बसवायच्या आधी घरात दुसरा कोण मारेकरी नाही ना, ते बघाया नको?” त्यांनी चारही इंजेक्टर मोजले. प्रत्येक तेरा-चौदा ओहम. कॉइल पाहिली, आयडलिंगचा व्हॉल्व्ह पाहिला. यातला एखादा शॉर्ट असता तर त्याला चालवणारा नव्या डब्यातला ट्रान्झिस्टर पहिल्याच दिवशी जळाला असता. अल्टरनेटर किती चढवतोय ते पाहिलं: १४.१. मग बॅटरीची ऋण तार सोडली, हात गाडीच्या पत्र्याला लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि कनेक्टर दाबला. खट् असा आवाज आला.

चावी एक घर फिरवली. पिवळी लाईट लागली. सेल मारला. पहिल्या फटक्यात इंजिनाने धरलं. दोन दिवस त्याची चाल थोडी वर-खाली होत होती, कारण अठरा वर्षांची काजळी, आमचे घाट, बाबांचा जड पाय हे सगळं त्याला नवीन होतं. तिसऱ्या दिवशी ती स्थिरावली. मिस्त्रींनी कनेक्टरात तारेचा तुकडा घातला. एक झाप, दम, दोन झापा.

जुना डबा मी घरी आणणार होते. काका म्हणाले, इथे ठेवलात तर बरं. त्याच्या इंजेक्टर चालवणाऱ्या चिपा अजून धडधाकट आहेत आणि त्या आता नव्या मिळत नाहीत. मी तो ठेवला. त्याच्यातल्या कुठल्या तुकड्याने आज कुणाच्या गाडीत काम धरलं असेल, ते मला कधी कळणार नाही. तो कामात आहे एवढं मला पुरे आहे.

डिसेंबरात एका सकाळी बाबांना घेऊन निघाले. काचेवर दव होतं. इंजिन सुरू केलं तसं ते थंडीतल्या उंच सुरात बोलू लागलं. बाबा शेजारी, बरोबर त्या कप्प्यासमोर बसले होते. त्यांनी मला हाताने थांबायची खूण केली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. पाणी तापत गेलं, तसा सूर पायरी पायरीने खाली आला आणि नेहमीच्या घुमण्यावर येऊन टेकला. पूर्वी इथेच ते चोक पूर्ण आत सोडत असत.

“हां,” बाबा म्हणाले, “आता ने.”